रोगाची चाल आणि औषधाची घाई

कुत्र्यांमधल्या आनुवंशिक स्नायुक्षयाचा अभ्यास म्हणजे चाळीस वर्षं चाललेली निष्फळ क्रूरता, हे मत आता इतकं रूढ झालं आहे की ते मांडणाऱ्याला कुणी पुरावा मागत नाही. प्राणिमित्र संघटनांच्या पत्रकांत ते असतं, वैद्यकाविषयी लिहिणाऱ्यांच्या लेखांत असतं, आणि काही जीवशास्त्रज्ञही ते बोलून दाखवतात. मला ते चुकीचं वाटतं. त्यामागची करुणा खरी आहे, त्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण त्यातून काढलेलं अनुमान टिकत नाही. आणि अशा अनुमानाची किंमत शेवटी आजारी मुलांना मोजावी लागते, आजारी कुत्र्यांनाही मोजावी लागते, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घ्यायला हवा.

शास्त्रार्थाचा रिवाज असा की पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावा. तो असा. २०१६ च्या अखेरीस ‘पेटा’ या प्राणिमित्र संघटनेने अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या प्रयोगशाळेची चित्रफीत प्रसिद्ध केली. पिंजऱ्यातली, लाळ गळणारी, चालताना अडखळणारी गोल्डन रिट्रीव्हर कुत्री त्यात दिसत होती. ती पाहून अनेकांच्या पोटात कालवलं. विशेष म्हणजे निषेध करणाऱ्यांत स्वतः मस्क्युलर डिस्ट्रॉफीने आजारी असलेली माणसंही होती. ‘आमच्या नावाने हे करू नका,’ हे त्यांचं म्हणणं कुणीही कानाआड टाकू नये. २०१९ मध्ये तिथली पैदास थांबल्याचं जाहीर झालं. या भावनेला शास्त्रीय आक्षेपांची जोड मिळाली. पहिला, इतक्या वर्षांत कुत्र्यांमुळे एकही मूल बरं झालेलं नाही. दुसरा, एकाच विणीतली दोन पिल्लं इतकी वेगळी निघतात की चार-सहा कुत्र्यांवरून कसलाही निष्कर्ष काढता येत नाही. तिसरा, उंदीर स्वस्त आहे, एकसारखा आहे आणि पुरेसा आहे. चौथा, आता माणसाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत स्नायू वाढवता येतो. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्तीही काढून टाकली. मग कुत्र्याला वेठीला कशाला धरायचं?

हे चारही आक्षेप एका गृहीतकावर उभे आहेत. ते असं की आजारी प्राण्याचा अभ्यास करायचा तो औषध तपासण्यासाठीच, आणि औषध हाती आलं नाही तर अभ्यास वाया गेला. हे गृहीतकच मला मान्य नाही. औषधाच्या आधी एक काम असतं. रोग कुठून सुरू होतो, कोणत्या स्नायूला आधी धरतो, कोणत्या वयात झपाट्याने वाढतो, कुठे थबकतो, कुणाला सोडून देतो, याची वर्षानुवर्षांची नोंद म्हणजे ते काम. ती नोंद नसेल तर औषध दिल्यावर जे दिसतं ते औषधाचं की रोगाच्याच स्वभावाचं, हे कुणालाही सांगता येत नाही. या क्षेत्रातल्या मोठ्या फजित्या बहुतेक वेळा हे काम घाईत उरकल्यामुळे झाल्या आहेत.

आधी रोगाची ओळख. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा एक्स गुणसूत्रावरून येणारा आजार. दर साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. आई वाहक असते आणि बहुधा तिला त्याचा पत्ताही नसतो. लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेने १९८६ मध्ये यामागचं जनुक शोधलं, आणि १९८७ मध्ये एरिक हॉफमन यांनी त्या जनुकातून बनणारं प्रथिन ओळखलं, ते डिस्ट्रोफिन. माणसाच्या ज्ञात जनुकांत हे सर्वांत लांब, ७९ एक्सॉनचं, म्हणजे मजकुराच्या ७९ तुकड्यांचं. आकुंचनाच्या वेळी स्नायुतंतूच्या पडद्याला आतून धरून ठेवणं हे या प्रथिनाचं काम. ते नसलं की प्रत्येक हालचालीबरोबर तंतू थोडा थोडा फाटतो, पुन्हा जुळतो, पुन्हा फाटतो, आणि शेवटी त्याच्या जागी चरबी आणि चिवट ऊती भरतात. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत स्वतःला वर चढवतो, ही पहिली खूण. बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाची खुर्ची येते. पुढे श्वास आणि हृदय.

गोल्डन रिट्रीव्हरमध्ये हाच आजार आपोआप उद्भवला होता, प्रयोगशाळेत कुणी तो घडवला नाही. १९८८ मध्ये बॅरी कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की बिघाड ड्यूशेनच्याच जनुकात आहे. जो कॉर्नेगे यांचं या कुत्र्यांचं सविस्तर वर्णनही त्याच वर्षीचं. सहाव्या इंट्रॉनच्या, म्हणजे सहाव्या आणि सातव्या एक्सॉनमधल्या भागाच्या, शेवटी एका अक्षराची चूक होते, त्यामुळे सातवा एक्सॉन गाळला जातो आणि पुढचा सगळा मजकूर चुकीच्या चौकटीत वाचला जातो. प्रथिन तयारच होत नाही.

आता एक पिल्लू जवळून पाहू. जन्माला आल्यापासूनच त्याच्या रक्तात सीके हे विकर कितीतरी पटींनी वाढलेलं असतं, म्हणजे स्नायू तुटायला सुरुवात झालेली असते. काही पिल्लं पहिल्या काही दिवसांतच दगावतात, कारण जिभेचे आणि श्वासपटलाचे स्नायू आधीच गळालेले असतात आणि दूध ओढायची ताकद उरत नाही. जी जगतात ती सहा-आठ आठवड्यांची झाली की मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखी पळू लागतात. पाऊल आखूड पडतं, पाठ ताठ राहते. जीभ बुडाशी जाड होते, जबडा पुरता उघडत नाही, घास तोंडात घोळत राहतो आणि लाळ गळते. चित्रफितीत जी लाळ पाहून लोक हळहळले, ती या रोगाची लाळ होती. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात रोग सर्वांत वेगाने पुढे सरकतो. कोपरं बाहेर फाकतात, मागचा पंजा घोट्यापर्यंत जमिनीला टेकू लागतो, सांधे आखडतात. कुत्र्याचे हे तीन महिने म्हणजे ढोबळमानाने मुलाची पाच ते दहा वर्षं. त्यानंतर मात्र पुष्कळ कुत्र्यांत पायांचा रोग मंदावतो, आणि हृदयाचा चालू राहतो.

हे वर्णन वाचून पूर्वपक्षी म्हणेल, पाहा, मुलांचा जबडा असा आखडत नाही, आणि मुलाचा रोग कुत्र्याच्या रोगासारखा मध्येच मंदावतही नाही, म्हणजे कुत्रा हा माणसाचा नमुना नव्हे. बरोबर आहे. तो नमुना नाहीच, आणि तसा दावा ज्यांनी उत्साहाच्या भरात केला त्यांनी या अभ्यासाचं नुकसानच केलं. कुत्र्याचा रोग हा कुत्र्याचा रोग आहे. एकाच प्रथिनाच्या अभावाने दोन वेगळ्या शरीरांत काय काय होतं ते ताडून पाहणं, हा त्याचा उपयोग. मुलाच्या पोटऱ्या फुगतात, कुत्र्याच्या मांडीतला सार्टोरियस फुगतो. एकच अभाव, आणि तरी प्रत्येक शरीरात काही स्नायू झिजतात, काही उलट वाढतात. हे का होतं, हा प्रश्न दोन शरीरं शेजारी ठेवल्याशिवाय सुचतही नाही.

उंदराकडे वळू. ‘एमडीएक्स’ उंदीर १९८४ मध्ये सापडला. तेविसाव्या एक्सॉनमध्ये बिघाड, डिस्ट्रोफिन नाही. कागदावर हुबेहूब ड्यूशेन. पण हा उंदीर तीन-चार आठवड्यांचा असताना आजारी पडतो आणि मग सावरतो. त्याचे स्नायू तुटतात तसे भरून येतात, तो पळतो, त्याला पिल्लं होतात, आणि निरोगी उंदरापेक्षा थोडंच कमी जगतो. श्वासपटल सोडलं तर मुलांत दिसणारी झीज त्याच्यात फारशी दिसत नाही, आणि हृदयाचं दुखणं उतारवयात दिसतं. तीसेक ग्रॅमच्या देहाला पायांवर जे वजन पेलावं लागतं ते मुलाच्या किंवा तीस किलोच्या कुत्र्याच्या तुलनेत किती? स्नायू फाटतो तो भाराखाली. उंदराने जनुकाचं आणि पेशीचं ज्ञान अमाप दिलं, ते नाकारणारा मी नाही. पण रोग पुढे कसा सरकतो हे विचारलं तर तो सांगू शकत नाही, कारण त्याच्यात तो फारसा सरकतच नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मायोस्टॅटिनचं आहे आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूची वाढ आवरून धरतं. ते रोखलं तर स्नायू मोठा होतो. २००२ मध्ये एमडीएक्स उंदरात मायोस्टॅटिन रोखलं आणि उंदीर बळकट झाला. साहजिकच आशा पल्लवित झाल्या. इकडे व्हिपेट जातीच्या शर्यतीच्या कुत्र्यांत मायोस्टॅटिनच्या जनुकातला एक नैसर्गिक बिघाड २००७ मध्ये ओळखला गेला. एक प्रत बिघडलेली असली तर कुत्रा वेगवान, दोन्ही बिघडल्या तर पैलवानासारखा पिळदार. कॉर्नेगे यांच्या गटाने हे व्हिपेट आणि आजारी गोल्डन रिट्रीव्हर यांचा संकर केला आणि डिस्ट्रोफिन नसलेली, मायोस्टॅटिन कमी असलेली कुत्री वाढताना पाहिली. २०१६ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते आशेच्या नेमकं उलटं होतं. स्नायू वाढले खरे, पण सगळे सारखे वाढले नाहीत. सांध्याच्या एका बाजूचा वाढला, दुसऱ्या बाजूचा झिजत राहिला, आणि त्या ओढाताणीत सांधे अधिकच आखडले. औषध कंपन्यांच्या माणसांवरच्या चाचण्या तेव्हा चालू होत्या. फायझरने आपली चाचणी २०१८ मध्ये थांबवली, रोशने २०१९ मध्ये. मुलांना गुण आला नाही. कुत्र्यात दिसलं तेच मुलांत झालं, असं मी म्हणणार नाही. तिथली कारणं वेगळीही असतील. पण वाढलेला स्नायू म्हणजे सुधारलेला रुग्ण नव्हे, ही सूचना चाचण्या बंद पडण्याच्या दोन वर्षं आधी एका प्राण्याने दिली होती, आणि ती उंदराने दिली नव्हती. ‘कुत्र्याने काय दिलं?’ असं विचारणाऱ्याला माझं पहिलं उत्तर हे.

स्नायूंची ही ओढाताण दिसली कशी, तेही पाहण्याजोगं आहे. कुत्र्याला पूर्ण भूल देऊन उताणं निजवतात. मागचा एक पंजा तरफेला बांधतात. मग पायाच्या एका नसेला विजेचा सौम्य झटका देतात, घोटा वर वळतो आणि तरफ ते बळ मोजते. दुसऱ्या नसेला झटका दिला की घोटा खाली ताणला जातो, त्याचंही बळ मोजतात. हे तिसऱ्या महिन्यात, साडेचाराव्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत असं आढळलं की घोटा वर वळवण्याचं बळ तिसऱ्या महिन्यातच फार खाली गेलेलं असतं, तर ताणण्याचं बळ पुढे घसरतं. पुढे प्रेडनिसोन देऊन पाहिलं. मुलांना हेच औषध वर्षानुवर्षं दिलं जातं. कुत्र्यात ताणण्याचं बळ वाढलं, वळवण्याचं कमी झालं. एकच औषध, एकच घोटा, आणि दोन दिशांना दोन निकाल! नुसतं एका दिशेचं बळ मोजून कुणी जाहिरात केली असती तर ती खोटी ठरली नसती, आणि खरीही ठरली नसती.

आता त्या बहुचर्चित आक्षेपाकडे येतो, की कुत्र्याकुत्र्यात फरक फार. माझ्या मते पूर्वपक्षाची सर्वांत मोठी चूक इथे आहे. हा फरक म्हणजे अभ्यासातली अडचण, असं तो धरून चालतो. फरक तर मुलांतही आहे. एकाच घरातल्या दोन भावांत, एकाच बिघाडासह, एक नवव्या वर्षी चालणं सोडतो आणि दुसरा चौदाव्या वर्षी, असं घडतं. उंदरांच्या एकसारख्या वंशात हे दिसणारच नाही, कारण तिथे ते मुद्दाम पुसून टाकलेलं असतं. कुत्र्यात ते उघड दिसतं. ब्राझीलमध्ये साओ पावलो विद्यापीठात मायाना झाट्झ यांच्या प्रयोगशाळेत रिंगो नावाचा एक गोल्डन रिट्रीव्हर होता. डिस्ट्रोफिनचा मागमूस नाही, सीके वाढलेलं, बायोप्सीत स्नायू आजारी, आणि तरीही तो चालत होता, पळत होता, पिल्लांचा बाप झाला आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांइतका जगला. त्याच्या वंशातला सुफ्लेअरही तसाच. हे पाहून त्यांना अपवाद म्हणून बाजूला सारणं सोपं होतं. झाट्झ आणि बोस्टनचे कुंकेल यांच्या गटांनी तसं केलं नाही. त्यांनी या दोघांची जनुकं त्यांच्या आजारी नातलगांशी ताडून पाहिली, आणि २०१५ मध्ये दाखवलं की ‘जॅग्ड-वन’ हे जनुक या दोघांत अधिक काम करतं. डिस्ट्रोफिन परत न आणताही रोगाला आवर घालणारं शरीरात काहीतरी असतं, हे यातून हाती आलं. आक्षेप घेणारे ज्याला गोंधळ म्हणतात त्यातच हे दडलेलं होतं.

हाच फरक नीट नोंदला नाही तर काय होतं याचंही उदाहरण आहे. २००६ मध्ये जुलिओ कोसू यांच्या चमूने मेसोअँजिओब्लास्ट नावाच्या मूळपेशी आजारी कुत्र्यांना टोचल्या आणि कुत्री चालायला लागल्याचं ‘नेचर’मध्ये लिहिलं. जगभर बातम्या झाल्या, घराघरांतल्या आईवडिलांनी त्या वाचल्या. जाणकारांनी लगेच विचारलं की कुत्री मोजकी आहेत, यातलं एखादं मुळातच सौम्य आजाराचं नव्हतं कशावरून? प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा स्वतःचा परिणाम किती? उपचार न झालेल्या कुत्र्यांच्या चालीची मोठी, वर्षानुवर्षांची नोंद शेजारी असती तर हा वाद आठवड्याभरात मिटला असता. ती पुरेशी नव्हती. पुढे त्याच प्रकारच्या पेशी पाच मुलांना दिल्या गेल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष आला, तो असा की उपचार बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण ताकदीत फायदा नाही. पूर्वपक्षी हे प्रकरण ‘कुत्र्याने फसवलं’ म्हणून सांगतो. मला त्यात कुत्र्याचा दोष दिसत नाही. त्या जातीत सौम्य आजारी निघतात, हे त्यानेच दाखवलेलं होतं.

मुलांच्या चाचण्यांतही अडखळण्याची जागा हीच आहे. एटेप्लर्सेन या ड्यूशेनवरच्या औषधाला २०१६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती बारा मुलांच्या अभ्यासावरून, आणि सगळा वाद या मुलांची तुलना कोणाशी करायची यावरून पेटला. उपचार न घेतलेली मुलं कशी चालत गेली असती, याच्या जुन्या नोंदी कितपत विश्वासार्ह, हाच प्रश्न तज्ज्ञांच्या बैठकीत घोळत राहिला.

पूर्वपक्षाचा एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. लॅब्राडोरमध्ये एक्स गुणसूत्रावरचाच आणखी एक स्नायुरोग आहे, मायोट्यूब्युलर मायोपॅथी. एका कॅनेडियन कुटुंबातल्या लॅब्राडोरांत तो आढळला आणि २०१० मध्ये त्याचं जनुक निश्चित झालं. उपचार नसलेलं पिल्लू सातव्या-आठव्या आठवड्यात कोलमडू लागतं आणि चार ते सहा महिन्यांत त्याला शांतपणे मरू द्यावं लागतं. जनुकोपचार दिलेली पिल्लं मात्र वर्षाहून अधिक काळ चालत-फिरत राहिली, श्वास सुधारला. २०१४ मधला तो निकाल मनावर ठसणारा होता. त्याच आधारावर हाच आजार असलेल्या मुलांवर चाचणी सुरू झाली, आणि यकृताच्या गुंतागुंतीनंतर चार मुलं गेली, तीन २०२० मध्ये आणि एक २०२१ मध्ये. कुत्र्यांत यकृताचं काही दिसलं नव्हतं. यापुढे आणखी काय पुरावा हवा, असं पूर्वपक्षी विचारतो, आणि त्या चार घरांचा विचार मनात ठेवूनच या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

त्या कुत्र्यांनी स्नायूबद्दल जे सांगितलं ते खोटं नव्हतं. त्या चाचणीतली अनेक मुलं व्हेंटिलेटरवरून सुटली, बसली, काही उभी राहिली. पण या आजाराच्या मुलांमध्ये यकृतात पित्त साचण्याचा त्रास मुळात असतो, आणि तो किती जणांना, किती प्रमाणात, कोणत्या वयात, हे कुणी नीट लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष स्नायूवर होतं. कुत्र्यात हा त्रास नाही हे तेव्हाच कळलं असतं, जर मुलांचं यकृत आणि कुत्र्याचं यकृत दोन्ही रोगाच्या ओघात वर्षानुवर्षं तपासून शेजारी मांडलं असतं. जिथे दोन शरीरं जुळत नाहीत ती जागा आधी माहीत असणं, यासाठीच तर रोगाची चाल अभ्यासायची. चाचणीच्या आधी जे काम व्हायला हवं होतं ते नंतर झालं. या दुर्घटनेतून कुत्र्यांचा अभ्यास बंद करा असा निष्कर्ष काढणं म्हणजे ज्या कामाच्या अभावी मुलं गेली तेच काम थांबवणं होईल.

प्रतिकारशक्तीबद्दल तर कुत्र्याने स्पष्ट इशारा दिला होता. विषाणूच्या खांद्यावरून जनुक स्नायूत पोचवलं तर उंदराचं शरीर ते निमूट स्वीकारतं. कुत्र्याच्या स्नायूत मात्र पांढऱ्या पेशींनी हल्ला केला, हे २००७ च्या आसपास दिसलं होतं. २०१० मध्ये कॉर्नेगे यांच्या गटाने नवजात पिल्लांच्या शिरेतून मानवी मिनी-डिस्ट्रोफिनचं, म्हणजे आखूड केलेल्या डिस्ट्रोफिनचं, जनुक दिलं. ते सगळीकडे पोचलं, आणि स्नायूंना सूज येऊन पिल्लं आणखी खंगली. मानवी प्रथिन कुत्र्याला परकं, म्हणून असं झालं असावं, हे खरं. पण ज्या मुलाच्या शरीराने डिस्ट्रोफिनचा एखादा भाग जन्मात कधी पाहिलेलाच नाही, त्याला तरी तो आपला कसा वाटावा? पुढे वेगवेगळ्या कंपन्यांच्या चाचण्यांत मिळून पाच मुलांत स्नायूंचा आणि काहींत हृदयाचा तीव्र दाह झाला, आणि कारण हेच निघालं: जनुकाचा नेमका तो भाग त्यांच्यात मुळातच नव्हता.

पेशींपासून वाढवलेल्या स्नायूविषयी फार लिहायला नको. एखाद्या मुलाचा विशिष्ट बिघाड एक्सॉन वगळून दुरुस्त होईल का, हे त्याच्याच पेशीत पाहणं उत्तम, आणि तिथे कुत्र्याला हात लावण्याचं कारण नाही. पण बशीतल्या स्नायूला घोटा नसतो. तो उभा राहत नाही, पडत नाही, त्याला वाढीचं वय नसतं, आणि त्याच्या शेजारी थकत चाललेलं हृदय नसतं.

‘यात कुत्र्याला काय मिळालं?’ हा प्रश्न सहसा उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारला जातो. त्याला उत्तर आहे. लॅब्राडोरमध्ये सेंट्रोन्यूक्लिअर मायोपॅथी नावाचा तिसरा एक आजार आहे. आईबाप दोघंही वाहक असतील तरच पिल्लाला होतो. दोन ते पाच महिन्यांच्या वयात पिल्लू अंग धरत नाही, गुडघ्याखाली टिचकी मारली तर पाय उडत नाही, थोडं पळालं की गळून बसतं, आणि थंडीत त्याची अवस्था अधिक बिकट होते. पॅरिसजवळच्या आल्फोर पशुवैद्यक विद्यालयातल्या संशोधकांनी आजारी कुत्र्यांचा वंश पाळून, त्यांची वाढ पाहत, २००५ मध्ये कारणीभूत जनुक शोधलं. आता रक्ताच्या थेंबावरून किंवा गालाच्या आत फिरवलेल्या कापसाच्या फायावरून वाहक ओळखता येतो. वाहकाला पैदाशीतून काढून टाकायचीही गरज नाही, निर्दोष जोडीदार दिला की आजारी पिल्लू जन्मत नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत लॅब्राडोर घरोघर दिसतो. पिल्लू घेताना लोक वंशावळीचा कागद मागतात, आईबापांची जनुकचाचणी झाली आहे का हे क्वचित विचारतात. वंशावळ फक्त आजोबा कोण ते सांगते. हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली तर प्रयोगशाळेतल्या त्या फ्रेंच कुत्र्यांचं ऋण इथल्या पिल्लांपुरतं तरी फिटेल.

राहतो प्रश्न क्लेशाचा. वाहक मादी आणि निरोगी नर यांच्या पिल्लांत निम्मे नर आजारी निघतात, हे ठाऊक असूनही पैदास करणं ही जड गोष्ट आहे, आणि ती जड वाटू नये असं मला वाटत नाही. म्हणूनच माझा आग्रह वेगळ्या जागी आहे. टेक्सास, मिसुरी, आल्फोर, साओ पावलो, टोकियोतली बीगलची वसाहत, लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधली पन्नासावा एक्सॉन नसलेली कुत्री, या सगळ्यांनी आपापल्या प्रयोगांच्या वेळी उपचार न दिलेली कुत्री तुलनेसाठी ठेवली. दर नव्या प्रयोगाला पुन्हा नवी ठेवली. ही कुत्री आजारी होती, त्यांनी सोसलं, आणि त्यांच्या बहुतेक नोंदी एकेका लेखाच्या तक्त्यात चार-सहा आकड्यांच्या रूपाने अडकून पडल्या आहेत. घोट्याचं बळ, एमआरआयची चित्रं, हृदयाच्या आलेखातल्या खोल क्यू लहरी, सहा मिनिटांच्या चालीचं अंतर, सीके, वजन, हे सगळं महिन्यावार एकत्र मांडलं तर उपचार न झालेल्या कुत्र्याची चाल दर वेळी नव्याने सोसायला लावण्याची गरज पुष्कळ कमी होईल. एमआरआयमुळे वारंवार बायोप्सी घेणं टळतं. सहा मिनिटांच्या चालीला पट्टा आणि लांब व्हरांडा पुरतो, आणि ती घरी पाळलेल्या आजारी कुत्र्याचीही, मालकाच्या संमतीने, मोजता येते. कॅव्हेलियर, कॉर्गी, रॉटवायलर, पॉइंटर, अशा कितीतरी जातींत डिस्ट्रोफिनचे वेगवेगळे नैसर्गिक बिघाड आढळले आहेत. असं कुत्रं एखाद्या गावातल्या पशुवैद्याच्या टेबलावर येतं, ‘अशक्तपणा’ म्हणून दोन टॉनिकं लिहून दिली जातात, आणि त्याचा रोग कुठेही नोंदला न जाता संपतो. प्रयोगशाळेच्या दाराशी फलक घेऊन उभं राहणाऱ्यांनी त्या नोंदी खुल्या करा अशी मागणी लावून धरली, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. अभ्यासच बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मला उभं राहता येत नाही.